पहिल्या महायुद्धातला साधा ऑस्ट्रेलियन पायदळ शिपाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेनापती, शौर्यपदकं, मोठमोठ्या लढायांचे नकाशे यांवर भरपूर वाचायला मिळतं. पण ज्याच्या खांद्यावर बंदूक होती, पाठीवर ओझं होतं आणि हातात बहुतेक वेळा खोरं होतं, तो प्रायव्हेट या सगळ्यात खालच्या हुद्द्याचा माणूस दिवसभर करायचा काय, हे फारसं सांगितलं जात नाही. इथे तेवढंच सांगितलं आहे.

हा शिपाई नक्की कोणत्या सैन्यातला?

ऑस्ट्रेलियन इंपीरियल फोर्समधला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ए.आय.एफ. म्हणत. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि परदेशात लढायला पाठवण्यासाठी ही फौज नव्याने उभी करण्यात आली. देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आत होती. त्यातून ४,१६,८०९ जणांनी नाव नोंदवलं आणि सुमारे ३,३०,००० समुद्रापार गेले. साठ हजारांहून अधिक मेले. जखमी झालेले, विषारी वायूने भाजलेले आणि कैद झालेले मिळून सुमारे १,५६,०००. यातलं सगळ्यात मोठं नुकसान पायदळाचं झालं.

या शिपायाला 'डिगर' म्हणजे खणणारा म्हणायची पद्धत १९१७ पासून रूढ झाली. नाव अगदी चपखल होतं, ते पुढे वाचताना कळेलच.

भरती सक्तीची होती का?

नव्हती. पंतप्रधान बिली ह्यूज यांनी सक्तीची भरती आणण्यासाठी २८ ऑक्टोबर १९१६ आणि २० डिसेंबर १९१७ रोजी दोनदा सार्वमत घेतलं. दोन्ही वेळा जनतेने 'नाही' म्हटलं. त्यामुळे परदेशात लढलेला ए.आय.एफ.चा प्रत्येक माणूस स्वतःहून सही करून आलेला होता. पुढे शिस्तीचे, पगाराचे आणि शिक्षांचे जे प्रश्न येतात, ते समजून घ्यायचे तर ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी लागते.

भरतीला काय लागायचं? कुणाला परत पाठवायचे?

ऑगस्ट १९१४ मध्ये वय १९ ते ३८, उंची किमान ५ फूट ६ इंच आणि छाती ३४ इंच लागे. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर माणसं पडू लागली तशी अट सैल झाली. जून १९१५ मध्ये वयाची मर्यादा १८ ते ४५ आणि उंची ५ फूट २ इंच झाली. एप्रिल १९१७ मध्ये उंची ५ फुटांवर आली. म्हणजे १९१४ साली बुटका म्हणून घरी पाठवलेला माणूस तीन वर्षांनी पात्र ठरला. जुनी कागदपत्रं पाहताना 'आधी नाकारला, नंतर घेतला' अशी नोंद दिसली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

सुरुवातीला दात खराब असले तरी माणूस परत जायचा. शिध्यातलं बिस्कीट चावायला दात शाबूत लागत. सपाट तळवे, अधू दृष्टी, हर्निया ही नाकारण्याची आणखी नेहमीची कारणं.

एकवीस वर्षांखालच्यांना आईवडिलांची लेखी परवानगी लागे. पण जन्मदाखला दाखवावा लागत नसल्याने वय वाढवून सांगणारी पोरं खूप होती, आणि पन्नाशीतले गृहस्थ वय कमी करून सांगत. जेम्स मार्टिन हा मुलगा गॅलिपोलीच्या आजारपणात ऑक्टोबर १९१५ मध्ये दगावला, तेव्हा त्याला पंधरावंही पूर्ण झालं नव्हतं.

आदिवासी ऑस्ट्रेलियन आणि भारतीय लोक या फौजेत होते का?

होते, पण कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. 'मुख्यतः युरोपीय वंशाचे' नसलेल्यांना दूर ठेवण्याचा नियम होता. कुठला डॉक्टर किंवा भरती अधिकारी समोर आहे यावर सगळं ठरायचं. एका गावात नाकारलेला माणूस पुढच्या गावात जाऊन भरती होई. मे १९१७ मध्ये, माणसं कमी पडू लागल्यावर, आईवडिलांपैकी एक युरोपीय असेल तर घ्यावं अशी सूट मिळाली. हजाराहून अधिक आदिवासी या फौजेत होते. परत आल्यावर अनेकांना इतर सैनिकांसारखी जमीन मिळाली नाही. हा अन्याय स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवा.

ऑस्ट्रेलियात मजुरी, शेती, फेरीचा धंदा करणारे थोडे भारतीयही भरती झाले. ४४व्या बटालियनचे प्रायव्हेट नैनसिंग सैलानी त्यांपैकी एक. ते जून १९१७ मध्ये बेल्जियममध्ये मारले गेले.

पगार किती होता? 'सहा शिलिंगवाले' का म्हणत?

दिवसाला सहा शिलिंग. परदेशात असताना हातात पाच मिळत आणि एक शिलिंग सुटकेच्या दिवसापर्यंत राखून ठेवला जाई. ब्रिटिश प्रायव्हेटला सुरुवातीला दिवसाला एकच शिलिंग मिळे.

आपल्या हिशेबात मांडून बघा. तेव्हा एका पौंडाचे पंधरा रुपये, म्हणजे एका शिलिंगचे बारा आणे. ऑस्ट्रेलियन शिपायाची रोजची कमाई साडेचार रुपये, महिन्याची १३५. त्याच गॅलिपोलीत त्याच्या शेजारी लढणाऱ्या हिंदुस्थानी शिपायाचा मूळ पगार महिन्याला ११ रुपये होता. गोळी मात्र दोघांना सारखीच लागत होती.

मात्र लैंगिक आजाराने इस्पितळात गेलेल्याचा त्या दिवसांचा पगार कापला जायचा. सेवापुस्तिकेत मधेच पगार कापल्याची नोंद असेल तर एक तर हे कारण असतं, नाहीतर विनापरवाना गैरहजेरी.

बटालियन, कंपनी, प्लाटून यांचा हिशेब कसा?

पूर्ण भरलेली बटालियन म्हणजे सुमारे हजार माणसं. तिच्यात चार कंपन्या, कंपनीत चार प्लाटून, प्लाटूनमध्ये चार सेक्शन. चार बटालियनची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन. ए.आय.एफ.च्या पायदळाच्या पाच डिव्हिजन आणि साठ बटालियन होत्या. हे झालं कागदावरचं. १९१८ च्या उन्हाळ्यात कित्येक बटालियनमध्ये तीन-चारशेच माणसं उरली होती आणि तेवढ्यांकडूनच पूर्ण बटालियनचं काम घेतलं जात होतं.

शिपायाची दुनिया मात्र सेक्शनएवढीच. दहा-बारा जण एकत्र जेवायचे, झोपायचे, ओझं वाहायचे. बटालियन प्रांतवार उभारलेली असल्यामुळे एकाच गावातली, एकाच खाणीतली माणसं सोबत असत. म्हणूनच एका रात्रीच्या लढाईने एखाद्या गावातल्या कितीतरी घरांत एकाच आठवड्यात तार जाऊन पडे.

दंडावरचा रंगीत तुकडा कसा ओळखायचा?

जुन्या फोटोवरून माणूस ओळखायचा तर हा सगळ्यात उपयोगी धागा. दोन्ही बाह्यांवर खांद्याखाली कापडाचा तुकडा शिवलेला असे. आकारावरून डिव्हिजन कळते : आडवा आयत पहिली, हिऱ्यासारखा चौकोन दुसरी, आडवी अंडाकृती तिसरी, गोल चौथी, उभा आयत पाचवी. रंगावरून ब्रिगेड आणि बटालियन. उदाहरणार्थ पहिल्या ब्रिगेडचा खालचा रंग हिरवा. त्यावर काळा असेल तर पहिली बटालियन, जांभळा असेल तर दुसरी, तपकिरी असेल तर तिसरी, पांढरा असेल तर चौथी.

त्यावर पितळेचं लहान 'ए' अक्षर दिसलं तर तो माणूस गॅलिपोलीला होता. फसगत होते ती अशी की फोटो काळापांढरा असतो आणि त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा आणि निळा फिका उमटतो. तेव्हा आकारावर विश्वास ठेवा, रंग दुसऱ्या पुराव्याशी ताडून मगच धरा.

पाठीवर किती वजन असायचं?

पूर्ण सामानाचं मिळून २७ ते ३० किलो. पाऊस आला की लोकरीचा ओव्हरकोट पाणी आणि चिखल शोषून आणखी जड व्हायचा. छातीवर दहा कप्पे, प्रत्येकात पाच-पाच काडतुसांच्या तीन पट्ट्या, म्हणजे १५० काडतुसं. एवढ्यांचंच वजन चार किलोंच्या आसपास. त्याशिवाय पाण्याची बाटली (सव्वा लिटरला थोडी कमी), लहान कुदळ, संगीन, जेवणाचा डबा, राखीव शिधा आणि १९१६ नंतर लोखंडी शिरस्त्राण व वायूचा मुखवटा. हल्ल्याच्या दिवशी मोठी बॅग मागे ठेवायचे, पण तिच्या जागी खांद्यावर जादा काडतुसं, खिशात दोन हातबाँब, पाठीला रिकामी पोती आणि एक खोरं यायचं. कारण खंदक जिंकला की लगेच त्याचं तोंड उलट्या दिशेला करावं लागे आणि त्याला पोती व खोरी लागत.

पायाला गुंडाळायच्या पट्टीला इंग्रजीत 'पटी' म्हणतात. तो आपलाच 'पट्टी' शब्द. 'खाकी'ही इथूनच गेला. आणि जखमी शिपाई ज्या 'ब्लायटी'ला, म्हणजे इंग्लंडला, जायची आस धरायचे तो शब्द आपल्या 'विलायती'तून आला.

बंदूक कोणती? ती बिघडायची का?

शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, .३०३ इंच व्यासाची. म्हणजेच आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं दिसलेल्या 'थ्री नॉट थ्री'ची थोरली बहीण. ऑस्ट्रेलियात ती न्यू साउथ वेल्समधल्या लिथगोच्या कारखान्यात बनायची. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं आणि वजन चार किलोंच्या जवळपास. सरावलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचा.

ती तीन गोष्टींनी अडायची. पहिली चिखल. काडतूस आत ढकलणारा दांडा (बोल्ट) मागे ओढला की उघड्या भागात गाळ शिरायचा, म्हणून त्यावर कॅनव्हासची टोपी बटणांनी बसवत. दुसरी, काडतुसाच्या बुडाशी असलेली कड. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली तर कितीही जोर लावा, काडतूस पुढे सरकत नाही. काडतुसं भरतानाच वरची कड पुढे आहे ना, ते बघावं लागे. तिसरी गोष्ट म्हणजे नळीतला गंज. बार काढल्यावर नळीत क्षार उरतात. ते तेलाने जात नाहीत, पाण्यानेच विरघळतात. म्हणून नळीत उकळतं पाणी ओतायचं, मग दोरीला फ्लॅनेलचा तुकडा बांधून ती ओढून घ्यायची, तुकडा कोरडा निघेपर्यंत. शेवटी तेलाचा हात. दोरी आणि तेलाची पितळी कुपी दस्त्याच्या आत, झाकणाखाली ठेवलेली असे. आघाडीवर उकळतं पाणी मिळालं की चहा करायचा की नळी धुवायची, हा पेच रोजचाच.

गॅलिपोलीत नेमकं काय अवघड होतं?

२५ एप्रिल १९१५ च्या पहाटे उतरल्यापासून डिसेंबरपर्यंत हे लोक समुद्र आणि उभा कडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकून पडले होते. मागे विश्रांतीला जायला जागाच नव्हती. किनाऱ्यावरही तोफगोळे पडायचे. पिण्याचं पाणी बरचसं जहाजांनी बाहेरून यायचं आणि टिनांत भरून माणसं व खेचरं ते डोंगरावर चढवायची. उन्हाळ्यात प्रेतं, उघडी शौचकुपं आणि माश्या यांनी हगवण पसरली. तोंडात घास घालेपर्यंत जॅम माश्यांनी काळा पडायचा. गोळीपेक्षा पोट बिघडून जहाजावर गेलेली माणसं कमी नव्हती. नोव्हेंबरअखेरीस बर्फाचं वादळ आलं, तेव्हा उन्हाळी कपड्यांतली माणसं गारठून निकामी झाली.

तिथला तोफखाना पाहिलात तर आपली माणसं भेटतात. कोहाटची २१वी आणि जेकबची २६वी या हिंदुस्थानी डोंगरी तोफांच्या बॅटऱ्या पहिल्याच दिवशी उतरल्या. त्यांच्या तोफा सुट्या करून खेचरांवर लादता येत, म्हणून त्या कड्यावर पोचू शकल्या. शिधा-पाणी ओढणारी खेचरांची पथकंही हिंदुस्थानीच होती. गाढवावरून जखमी आणणारा जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक ऑस्ट्रेलियात घराघरांत माहीत आहे. तो मुक्काम करायचा आणि जेवायचा तो या हिंदुस्थानी लोकांबरोबर. १९ मे १९१५ रोजी तो मारला गेला.

माघार घेताना आपोआप उडणारी बंदूक कशी चालायची?

डिसेंबर १९१५ मध्ये हजारो माणसं रात्रीतून गुपचूप जहाजांवर चढवायची होती आणि तुर्कांना खंदक भरलेलेच वाटायला हवे होते. सातव्या बटालियनच्या विल्यम स्करीने यासाठी युक्ती काढली. बंदूक कठड्यावर पक्की बसवायची. तिच्याजवळ दोन डबे, एक वर, एक खाली. खालचा डबा रिकामा आणि दोरीने बंदुकीच्या घोड्याला, म्हणजे चापाला, बांधलेला. वरच्या डब्यात पाणी भरून बुडाला बारीक भोक पाडायचं. थेंबथेंब पाणी खाली साठतं, वजन पुरेसं झालं की डबा खाली कोसळतो, दोरी घोडा ओढते आणि बार होतो. भोक लहान-मोठं करून वेळ कमी-जास्त करता यायचा. शेवटची माणसं पायांना पोत्याचं कापड गुंडाळून उतरली, तेव्हा मागे या बंदुका अधूनमधून उडत राहिल्या. जवळजवळ एकही माणूस न गमावता अॅन्झॅकचा (म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेचा) किनारा २० डिसेंबरच्या पहाटे रिकामा झाला.

फ्रान्सच्या खंदकातला दिवस कसा जायचा?

दिवस म्हणण्यापेक्षा रात्र विचारा. पहाटे उजाडायच्या आधी तासभर सगळे संगीन लावून कठड्याशी उभे, कारण हल्ला व्हायची ती वेळ. संध्याकाळी पुन्हा तसंच. उजेड झाला की बंदुका साफ, तपासणी, न्याहारी आणि मग पहाऱ्यावर नसलेल्यांची झोप. डोकं वर काढायचं नाही, बघायचं ते पेरिस्कोपमधून. अंधार पडला की खरं काम सुरू : काटेरी तार बांधणं, पडलेली भिंत उभारणं, मागून शिधा, पाणी, बाँब वाहून आणणं, दोन खंदकांमधल्या उजाड पट्ट्यात गस्त घालणं. काही दिवस आघाडीला, मग मदतीच्या रांगेत, मग राखीव, मग मागच्या गावात. 'विश्रांती'त गेल्यावरही रस्ते दुरुस्त करायला आणि तारा पुरायला हीच माणसं जायची.

खंदक सरळ रेषेत कधीच खणत नाहीत. मधे मधे कोन ठेवतात, म्हणजे गोळा पडला तर त्याचे तुकडे एकाच खणात अडतात आणि शत्रू एका टोकाला शिरला तरी लांबवर गोळ्या झाडू शकत नाही.

वाळूच्या पोत्यांतही शास्त्र आहे. पोतं पाऊणच भरायचं. गच्च भरलं तर ते गोल होतं, एकावर एक बसत नाही आणि गोळी लागली की फाटतं. तोंड बांधून ते आत वळवायचं, शिवण भिंतीच्या आतल्या बाजूला ठेवायची, विटांसारखा सांधा मोडत रचायचं आणि प्रत्येक थर खोऱ्याच्या पाठीने बडवून चपटा करायचा. घाईत शिवण बाहेर ठेवली की पहिल्या पावसात माती बाहेर येऊन भिंत पोटाशी फुगते आणि रात्रीत कोसळते. मग पुढची रात्र तेच काम.

जेवायला काय मिळायचं?

कागदावर शिधा भरघोस होता. ब्रिटिश मापाप्रमाणे रोजचं सव्वा पौंड मांस किंवा त्याऐवजी एक पौंड डबाबंद गोमांस, सव्वा पौंड पाव किंवा एक पौंड बिस्कीट, ११० ग्रॅमच्या आसपास खारवलेलं डुकराचं मांस, तेवढाच जॅम, ८५ ग्रॅम चीज, ८५ ग्रॅम साखर आणि १८ ग्रॅम चहा. आघाडीपर्यंत पोचेतो पावाचे तुकडे वाटून घ्यावे लागत, कारण वाहून आणणाऱ्या तुकडीवर गोळे पडत, पोती चिखलात पडत, वाट चुके. पाणी पेट्रोलच्या टिनांतून यायचं आणि चहाला तोच वास. थंडीत पहाटे रम मिळे, माणशी सुमारे ७० मिलिलिटर, आणि ती अधिकाऱ्यासमोरच प्यावी लागे, साठवता येत नसे.

बिस्कीट इतकं कडक की दात तुटायचे. ते पोत्यात घालून दस्त्याने कुटत, नाहीतर डब्याला भोकं पाडून किसणी करत, मग पाण्यात भिजवून लापशी शिजवत. आज दुकानात 'अॅन्झॅक बिस्किटं' म्हणून ओटची गोड बिस्किटं मिळतात. शिध्यातलं बिस्कीट ते नव्हे.

'ट्रेंच फूट' म्हणजे काय आणि कसं टाळायचे?

थंड पाण्यात आणि चिखलात पाय तासन्‌तास राहिले, त्यात बूट आणि पट्ट्या आवळलेल्या असल्या, की रक्त फिरत नाही. पाय आधी बधिर होतो, मग सुजतो, निळसर-काळा पडतो, कातडी सोलते. उशीर झाला तर बोटं किंवा पाऊल कापावं लागतं. १९१६-१७ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर, फ्लेर्स गावाच्या बाजूला याने पलटणीच्या पलटणी पोखरल्या.

उपाय साधा होता, पण रोज करावा लागे. जोडी लावून एकाने दुसऱ्याचे पाय व्हेलच्या तेलाने चोळायचे. स्वतःचे चोळायला सांगितलं तर थकलेला माणूस टाळतो, दुसऱ्याचे चोळतो. कोरडे मोजे शिध्याबरोबर रात्री पुढे यायचे आणि ओले मागे जायचे. पट्ट्या सैल बांधायच्या, शेकोटीला पाय लावायचे नाहीत. खंदकाच्या तळाशी इंग्रजी 'ए' अक्षरासारख्या लाकडी चौकटी उलट्या बसवून त्यावर फळ्या टाकत, म्हणजे पाणी खालून वाहतं. जिथे फळ्या पोचल्या नाहीत तिथे तेल चोळूनही पाय वाचत नव्हते.

उवांचं दुखणं वेगळं. त्या कपड्यांच्या शिवणीत अंडी घालायच्या. शर्ट काढून शिवणीवरून मेणबत्तीची ज्योत फिरवायची, ती चटचट फुटायची. ज्योत रेंगाळली तर शिवणच जळायची. या उवांमुळेच 'ट्रेंच फीवर' पसरतो हे १९१८ मध्ये सिद्ध झालं. तोवर हजारो माणसं तापाने मागे गेली होती.

विषारी वायूपासून बचाव कसा व्हायचा?

१९१६ च्या उत्तरार्धापासून छातीवर पेटीतला मुखवटा असे. डब्यात कोळसा आणि रासायनिक दाणे, त्याला नळी, तोंडात धरायचा तुकडा आणि नाकाला चिमटा. इशाऱ्याची घंटा वाजली की श्वास रोखायचा, टोप काढायचा, मुखवटा चढवायचा आणि मगच श्वास सोडायचा. क्रम चुकला की पहिला श्वासच विषाचा.

जुलै १९१७ पासून आलेल्या मस्टर्ड वायूने हा हिशेब बिघडवला. तो लगेच झोंबत नाही. काही तासांनी डोळे मिटतात, काखेत आणि जांघेत फोड उठतात. तो तेलासारखा मातीत दिवसेंदिवस राहतो, त्यामुळे त्या खड्ड्यात नंतर बसलेला माणूसही भाजतो. अशा माणसाचे कपडे आधी उतरवावे लागत. नाही तर तंबूतले परिचारकही भाजत.

कोणत्या लढाईत साधा शिपाई सगळ्यात जास्त भरडला गेला?

एकच रात्र धरली तर फ्रान्समधलं फ्रोमेल. १९ जुलै १९१६ रोजी संध्याकाळी सहाला, लख्ख उजेडात, पाचव्या डिव्हिजनला सपाट मैदान ओलांडायला लावलं. समोर 'शुगर लोफ' नावाचा मशिनगनांनी भरलेला उंचवटा आणि काही ठिकाणी मधलं अंतर चारशे यार्डांपर्यंत. डिव्हिजन नुकतीच आघाडीवर आली होती. हेतू होता जर्मनांना सोमकडे सैन्य हलवू न देण्याचा. सकाळपर्यंत ५,५३३ माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. हाती काहीही लागलं नाही.

चारच दिवसांनी पोझिएर सुरू झालं. तिथे गाव जिंकलं, पण मग सहा-सात आठवडे तोफांचा मारा झेलत ते धरून ठेवावं लागलं. तीन डिव्हिजन आळीपाळीने पाठवल्या आणि सुमारे २३,००० माणसं कामी आली किंवा जखमी झाली. शत्रू दिसतच नाही, खंदक खणला की बुजतो, पुन्हा खणायचा. मनाने खचलेली माणसं इथे मोठ्या संख्येने मागे आली.

४ जुलै १९१८ चं आमेल याच्या अगदी उलट. मेलबर्नचे स्थापत्य अभियंता जॉन मोनॅश तेव्हा ऑस्ट्रेलियन कोअरचे, म्हणजे पाचही डिव्हिजन मिळून झालेल्या फौजेचे, सेनापती होते. नव्वद मिनिटांत संपवायची लढाई त्र्याण्णव मिनिटांत संपली. शिपायाच्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट अशी की तार, पाणी, बाँब वाहायला चार रणगाडे दिले होते. त्यांनी बाराशेच्या आसपास हमालांचं काम केलं. काडतुसं विमानातून हवाई छत्रीने टाकली. पाठीवरचं ओझं कमी केलं की माणसं वाचतात, हे कुणीतरी अखेर हिशेबात धरलं होतं.

जखमी झाल्यावर पुढे काय?

अंगरख्याच्या आत शिवलेल्या कप्प्यात दोन पट्ट्या आणि आयोडीनची कुपी असे. स्वतः किंवा सोबत्याने ती बांधायची. मग स्ट्रेचरवाले, बटालियनच्या डॉक्टरची जागा, पुढचं मलमपट्टी केंद्र, शस्त्रक्रियेचं केंद्र, रेल्वेने किनाऱ्याचं इस्पितळ आणि नशीब असेल तर इंग्लंड. एरवी चार जण स्ट्रेचर उचलत. बेल्जियममधल्या पाशेन्देलच्या चिखलात सहा-आठ लागत आणि एका खेपेला कित्येक तास जात. तिथे माणूस जखमेपेक्षा वाटेत गेलेल्या वेळाने दगावायचा. मांडीचं हाड मोडलेल्याला थॉमसची लोखंडी खपची जागेवरच लावायला सुरुवात झाल्यावर त्यातले मृत्यू खूप घटले.

पळून गेलेल्या ऑस्ट्रेलियन शिपायाला गोळी घालत का?

नाही. शंभराहून अधिक जणांना मृत्युदंड सुनावला गेला, एकाचाही अमलात आला नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याप्रमाणे त्याला गव्हर्नर-जनरलची मंजुरी लागे आणि ती कधीच मिळाली नाही. ब्रिटिश सेनापतींनी हा कायदा बदलावा म्हणून दबाव आणला, पण स्वखुशीने आलेल्या माणसाला गोळी घालणं ऑस्ट्रेलियाच्या सरकारला आणि जनतेला मान्य नव्हतं. शिक्षा होत्या त्या कैद, सक्तमजुरी, पगारकपात.

घरी पत्र किती दिवसांनी पोचायचं?

साधारण दोन महिन्यांनी. प्लाटूनचा अधिकारी ते आधी वाचून ठावठिकाण्याच्या खुणा पुसायचा. घाईत असेल तर छापील पोस्टकार्ड : 'मी बरा आहे', 'मी इस्पितळात आहे' अशी वाक्यं, नको ती खोडायची. एकही शब्द जादा लिहिला तर कार्ड नष्ट. म्हणून घरच्यांना सही पाहूनच समाधान मानावं लागे. मृत्यूची बातमी बहुधा गावचे पाद्री घेऊन येत. पाद्री फाटकाशी दिसला की त्या गल्लीतल्या बायका दारात यायच्या नाहीत.

मेलेल्यांना मायदेशी आणलं का?

आणलं नाही. जिथे पडले तिथेच पुरलं. सप्टेंबर १९१६ पासून गळ्यात दोन चकत्या आल्या : हिरवी अष्टकोनी प्रेतासोबत राहायची, लाल गोल काढून नोंदीला द्यायची. त्याआधी एकच होती. ती काढून घेतली की प्रेत निनावी व्हायचं. बेपत्तांची नावं फ्रान्समध्ये व्हिलेर-ब्रेतोन्यूच्या आणि बेल्जियममध्ये मेनिन गेटच्या भिंतींवर आहेत. मेनिन गेटवर हिंदुस्थानी सैनिकांचीही आहेत. थडग्यावर घरच्यांना ६६ अक्षरांपर्यंत ओळ कोरून घेता येई.

फ्रोमेलला जर्मनांनी पुरलेले अडीचशे देह २००९ मध्ये उकरून बाहेर काढले. त्यांच्यासाठी नवी दफनभूमी झाली आणि नातेवाइकांच्या डीएनएवरून अनेकांना नाव परत मिळालं.

महाराष्ट्राशी काही संबंध?

थेट पायदळाचा थोडा, पण आहे. ऑस्ट्रेलियाचं छोटं विमानपथक १९१५ मध्ये मुंबईमार्गे मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेलं. त्यातले काही कारागीर कुत-अल-अमारात सहाव्या पूना डिव्हिजनसोबत वेढ्यात अडकले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी मराठा पलटणींच्या जवानांबरोबरच तुर्कांच्या कैदेत गेले. १९१६ पासून ऑस्ट्रेलियन परिचारिका मुंबई, पुणे, देवळाली इथल्या युद्ध-रुग्णालयांत काम करत होत्या.

परत आल्यावर त्यांचं काय झालं?

बहुतेक १९१९ मध्ये परतले, जो आधी गेला तो आधी परत या क्रमाने. अनेकांना सरकारी योजनेतून शेतजमीन मिळाली. योजना कित्येक ठिकाणी फसली : तुकडे फार लहान, पाणी कमी, हाती भांडवल नाही, शेतीचा अनुभव नाही आणि गहू-दुधाचे भाव पडलेले. वायूने फुप्फुस गेलेल्या माणसाला झाडं तोडून जमीन साफ करायला दिली होती, हे विसरू नये.

एखाद्या शिपायाची कागदपत्रं कुठे आणि कशी वाचायची?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, बी २४५५ या मालिकेत. सगळी स्कॅन केलेली आहेत आणि घरबसल्या फुकट पाहता येतात. पहिलं पान भरतीचं : जन्मगाव, धंदा, जवळचा नातेवाईक, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण. मग 'बी १०३' फॉर्म, ज्यावर तारखांसह हालचाली. 'टी.ओ.एस.' म्हणजे तुकडीच्या पटावर घेतला. 'जी.एस.डब्ल्यू.' म्हणजे गोळीची जखम, पण तोफगोळ्याच्या तुकड्याचीही नोंद तशीच करत. 'डी.ओ.डब्ल्यू.' म्हणजे जखमांनी मेला. 'आर.टी.ए.' म्हणजे ऑस्ट्रेलियाला परत. तारखा दोन असतात, डावीकडे कळवल्याची आणि उजवीकडे घटनेची. घाईत पहिलीच धरली तर माणूस मेल्यावरही लढताना दिसतो.

सेवाक्रमांक एकट्याचा मानू नका. तो तुकडीपुरताच असायचा, त्यामुळे तोच क्रमांक अनेकांचा निघतो. क्रमांक, बटालियन आणि नातेवाइकाचं नाव या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो आपला माणूस. खोट्या नावाने भरती झालेल्यांच्या फाइलवर खरं नाव बहुधा शेवटच्या पानांत येतं, आईने पदकासाठी किंवा मुलाच्या घड्याळासाठी पाठवलेल्या अर्जात. म्हणून फाइल नेहमी शेवटच्या पानापर्यंत उघडा.